नळवाल्यांची तुती

माझ्या ताईच्या नवऱ्याला, म्हणजे भाऊजींना, झाडांचा फार लळा आहे असं आता सगळा रस्ता म्हणतो. मी गप्प बसते. त्यांच्या दुकानात मी काउंटर सांभाळते, आणि काउंटरवरच्या माणसाने गिऱ्हाईक सोडून कुणाशी फार बोलू नये, असा भाऊजींचा नियम आहे.

दुकान नळांचं. नळ, शॉवर, बेसिन, कमोड, फरशा, पाइप. त्यांच्या वडिलांच्या काळात ती एक अरुंद खोली होती आणि भिंतीवर तारेत ओवलेले वायसर लटकत असायचे. वडील गेल्यावर भाऊजींनी काचेचं दार बसवलं, छतात दिवे लावले, आणि तेव्हापासून "मी हे सगळं शून्यातून उभं केलं" असं सांगायला सुरुवात केली. त्या शून्यात भरलेलं गोदाम आणि बापाने जोडलेलं गिऱ्हाईक होतं, ते त्यांच्या हिशेबात येत नाही.

कुणाकडे पाहुणे म्हणून गेले की भाऊजी आधी त्यांच्या बाथरूममध्ये शिरतात. नळ उघडतात, बंद करतात, आणि बाहेर येऊन घरच्या माणसांकडे दयेने बघत बसतात. ताईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा सर्जन बाहेर येऊन सांगत होते की काळजीचं कारण नाही, सगळं नीट झालंय. यावर ह्यांनी विचारलं, "डॉक्टर, तुमच्या आतल्या हात धुवायच्या नळांचं काम कुणाकडे असतं?" आणि खिशातून कार्ड काढून पुढे केलं. मी तिथेच उभी होते. लाजेने मान खाली गेली ती माझी. ताई शुद्धीवर आल्यावर मी तिला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "घाबरले की त्यांचं असंच होतं गं." भाऊजींच्या प्रत्येक वागण्यावर ताईकडे असं एक पांघरूण तयार असतं.

ताई म्हणते, मी त्यांना पाण्यात पाहते. पाहतही असेन. माझं लग्न मोडल्यावर मला दुकानात बसवलं ते त्यांनीच. हा उपकार ते विसरत नाहीत आणि मलाही विसरू देत नाहीत. नवीन गिऱ्हाइकाला ते माझी ओळख करून देतात ती अशी: "ही आमची मेहुणी. घरचंच माणूस. आता कुठे जाणार, म्हणून इथेच घेतलं."

तर दुकानासमोर फुटपाथवर एक तुतीचं झाड आहे. जुनं आणि चांगलं पसरलेलं. भाऊजींनी दुकानाला 'शाही स्नानगृह' असं नाव देऊन मोठी दिव्याची पाटी लावली, ती नेमकी त्याच्या फांद्यांमागे. रस्त्यावरून पाहिलं तर पानांतून फक्त 'गृह' एवढंच दिसायचं. एकदा एक नवराबायको खोली भाड्याने मिळेल का म्हणून आत आले. भाऊजींनी त्यांना बेसिन दाखवलं.

फळांच्या दिवसांत तर त्यांचा नुसता जळफळाट व्हायचा. पिकलेल्या तुती पायरीवर पडायच्या, लोकांच्या चपलांखाली चिरडायच्या आणि आतल्या पांढऱ्या फरशीवर जांभळी पावलं उमटायची. पक्षी यायचे, त्यांचं काम करून जायचे. भाऊजी दारात उभे राहून झाडाला शिव्या घालायचे आणि पुसायचं फडकं माझ्या हातात द्यायचे.

पाटी खाली घ्यावी, असं त्यांना सुचलं नाही. त्यांना सुचलं ते झाड तोडायचं.

ते पालिकेच्या उद्यान खात्यात गेले. परत आले ते तोंड पाडून. तिथल्या माणसाने सांगितलं होतं की चांगलं जितंजागतं झाड तोडता येत नाही. वाळलेलं असेल, पडायला आलेलं असेल तर बघू, आणि तेव्हासुद्धा तुमच्या भागातल्या झाडवाल्यांचं मत विचारू.

"हे झाडवाले कोण?" भाऊजींनी मला विचारलं.

"दर रविवारी सकाळी समोरून जातात ते. टोप्या घालून."

"ते? मला वाटलं व्यायामाला जातात."

त्या झाडवाल्यांबद्दलही माझं मत काही फार बरं नव्हतं. निम्मे लोक फोटोपुरते यायचे. एक रोप, त्याला धरायला चार-पाच हात, सगळ्यांची नजर मोबाइलकडे, आणि फोटो झाला की हात झटकून नाश्त्याला. उरलेले निम्मे या निम्म्यांना नावं ठेवण्यात वेळ घालवायचे. खरं काम दोघंच करायचे. एक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, ज्या जगातल्या प्रत्येक माणसाशी तिसरीच्या वर्गाशी बोलावं तसं बोलतात. दुसरे समोरच्या इमारतीतले दातांचे डॉक्टर, ज्यांना समोरच्याने तोंड उघडलं की आपण बोलायचं अशी सवय धंद्यानेच लागलेली. पण ही दोघं कुदळ घेऊन यायची, झाडांच्या बुंध्याभोवतीची माती मोकळी करायची, खोडांत ठोकलेले खिळे उपसायची आणि डबे भरभरून नवीन रोपांना पाणी घालायची. कितीही कंटाळवाणी असली तरी यायची.

भाऊजी त्यांच्यात शिरले. पहिल्या रविवारी पांढरे बूट घालून गेले आणि चिखल बघून फुटपाथवरूनच सूचना देत राहिले. दुसऱ्या रविवारी दुकानातलं पाइपाचं एक भेंडोळं दिलं, ज्याच्यावर टोकापासून टोकापर्यंत 'शाही स्नानगृह' असं छापलेलं होतं. डब्यांनी पाणी वाहून ज्यांचे खांदे भरून आले होते त्यांना ते बघून भरून आलं. बाई म्हणाल्या, "शाबास." थोड्याच दिवसांत भाऊजी मंडळाचे अध्यक्ष झाले. दुसऱ्या कुणाला व्हायचं नव्हतं, आणि भाऊजींना हरभऱ्याच्या झाडावर चढवायला कधी शिडी लागत नाही.

घरी येऊन ताईला म्हणाले, "आता मत द्यायचं ते मीच देणार. झाड धोक्याचं आहे, असं लिहून टाकतो. संपला विषय."

विषय संपला नाही. कारण बाईंनी नवीन काम काढलं: फरशी-सिमेंटमध्ये गळ्यापर्यंत चिणलेली झाडं मोकळी करायची. आणि अध्यक्षांचा मान म्हणून सुरुवात अध्यक्षांच्या दारातल्या झाडापासून.

आता त्या तुतीभोवती फरशी कुणी बसवली होती? भाऊजींनी. दुकानातल्या नमुन्याच्या उरलेल्या फरशा त्यांनी फुटपाथवर पार खोडाला टेकेपर्यंत बसवून घेतल्या होत्या, झाडाला घोटभर पाणी मिळायला जागा ठेवली नव्हती. आणि खोडावर 'सवलत' असा पत्रा खिळ्यांनी ठोकला होता. शिडी मी धरली होती.

रविवारी सगळे जमले. डॉक्टरांनी खोडातला पहिला खिळा उपटून हातावर घेतला. "कोण माणसं असतात ही?" ते म्हणाले.

"निर्दयी," भाऊजी म्हणाले. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "मुळात संस्कारच नाहीत हो लोकांवर."

मग त्यांच्या हातात छिन्नी-हातोडा दिला आणि पहिला घाव त्यांच्याकडून घालून घेतला. फोटो निघाले. आपल्याच फरशीवर घाव घालताना त्यांचं तोंड कडू झालेलं फक्त मला कळत होतं. बाकीच्यांना वाटलं, त्यांना भरून आलंय. दुपारपर्यंत सगळी फरशी निघाली. माती भुसभुशीत करून त्यात वाळलेली पानं पसरली. तुतीला कितीतरी वर्षांनी मोकळी जमीन मिळाली आणि ती महिन्याभरात अशी काही तरारली की 'गृह'मधला 'गृ'सुद्धा दिसेनासा झाला.

हिरव्यागार झाडाला धोक्याचं कसं म्हणणार? भाऊजी दोन-तीन दिवस धुसफुसत राहिले. मग एका दुपारी, दुकानं जेवणासाठी बंद असतात त्या वेळेला, माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "शेतीच्या औषधांच्या दुकानात ते गवत मारायचं औषध मिळतं ना, ते घेऊन ये."

"गवत कुठे आहे आपल्याकडे?"

"तुला काय करायचंय? आण आणि बादलीत कालवून देत जा. मला त्याचा वास सोसत नाही."

भाऊजी म्हणजे असे. झाडाला विष घालायचं, तेही बायकोच्या बहिणीकडून कालवून घेऊन. वाईट काम करायलासुद्धा माणसाच्या अंगात थोडी धमक लागते, ती त्यांच्यात नाही.

मी औषध आणलं नाही. झाडाची दया आली असं मी सांगणार नाही. झाडाकडे तोवर मी कधी नीट पाहिलंही नव्हतं, त्याने मला फडकं मारायचं काम तेवढं दिलं होतं. मला फक्त ह्या माणसाचं काही तडीस जायला नको होतं. मी बादलीभर पाणी घेतलं आणि थर्मासमध्ये उरलेला सकाळचा काळा चहा त्यात ओतला. रंग छान आला.

"बाटली कुठे ठेवलीस?" त्यांनी विचारलं.

"मागे, कुलपात. जालीम असतं म्हणे. हात लावायचा असेल तर दाखवते."

"नको, नको. राहू दे."

मग रोज दुपारी तो सोहळा. रस्ता सामसूम झाला की भाऊजी रबरी हातमोजे चढवायचे, नाकातोंडावर मोठा रुमाल बांधायचे, माझ्याकडून बादली घ्यायचे, दाराबाहेर डोकावून डावीउजवीकडे बघायचे आणि चोरासारखे जाऊन तुतीच्या मुळाशी चहाचं पाणी घालून यायचे. अंगावर शिंतोडा उडाला तर आत येऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे. मी काउंटरवर बसून सगळं बघत होते. इतक्या वर्षांत दुकानात मला एवढी करमणूक कधी मिळाली नव्हती.

उन्हाळा चढत गेला. रस्त्यावरची बाकीची झाडं मलूल झाली, पानं गुंडाळून उभी राहिली. तुती टवटवीत.

"अजून काहीच कसं होत नाही?" भाऊजींनी विचारलं.

"झाड मोठं आहे. वेळ लागणार."

"दुप्पट कर."

मी दुप्पट केलं. आता ते दोन बादल्या न्यायला लागले. कंबरेत चमक भरली तरी थांबले नाहीत. आयुष्यात कुठलंही काम त्यांनी इतक्या नेमाने केलेलं मी पाहिलं नाही. बापाचं आजारपण नाही, ताईचं नाही.

एके दिवशी संध्याकाळी समोरचे डॉक्टर दुकानात आले. भाऊजी काचेच्या कपाटातले नळ पुसत होते. डॉक्टर दार लोटून सरळ त्यांच्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, मी सगळं पाहिलंय."

भाऊजींच्या हातातला नळ खाली पडला. "काय... काय पाहिलंत?"

"दुपारी मी डबा खातो तो खिडकीत बसून. रोज बघतोय. तुम्हाला वाटतं कुणी बघत नाही."

भाऊजींचा चेहरा पांढराफटक झाला. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. आजही आठवलं की मला त्याचं नवल वाटत नाही, फक्त किळस येते. एक शब्द न बोलता त्यांचं बोट माझ्याकडे वळलं होतं.

"या पण मदत करतात, ते पाहिलं मी," डॉक्टर म्हणाले. "बादली भरून देतात. पण भर उन्हात तोंडाला फडकं गुंडाळून जाणारे तुम्ही. साहेब, आम्ही रविवारी जातो, फोटो काढतो, मिरवतो. तुम्ही रोज पाणी घालता आणि कुणाला कळू नये म्हणून इकडेतिकडे बघता. मला स्वतःची लाज वाटली."

भाऊजींचं बोट हळूहळू खाली आलं. चेहऱ्यावर रंग परतला. मग त्यांनी मान तिरकी केली, आणि मला कळलं की आता हे सुटले.

"त्याचं काय आहे डॉक्टर," ते म्हणाले, "मला गाजावाजा आवडत नाही."

गाजावाजा झाला. शाळेच्या सभागृहात कार्यक्रम ठेवला. भाऊजींना लाकडी चौकटीतलं मानपत्र दिलं. डॉक्टरांनी खिडकीची सगळी हकिगत सांगितली आणि मागच्या रांगेतल्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. बाईंनी माइक हातात घेऊन म्हटलं, "मी ह्यांना दिखाऊ समजत होते. माझी चूक झाली." त्यांच्यासारख्या बाईला हे कबूल करावं लागावं, याचं मला खरंच वाईट वाटलं. मग भाऊजी बोलायला उभे राहिले आणि बसेचनात. झाड कसं मुलासारखं असतं, तहान त्याला सांगता येत नाही, ती आपण ओळखायची असते, दुपारी रस्ता तापला की त्यांना घरात घास कसा गोड लागत नाही. बोलता बोलता त्यांचा गळा दाटून आला. मी नीट बघत होते. ते नाटक नव्हतं. हा माणूस बोलता बोलता स्वतःच्या बोलण्यावर विश्वास ठेवत गेला होता. व्यासपीठावर चढला तेव्हा झाडाचा मारेकरी होता, उतरला तेव्हा पालनकर्ता. मध्ये कुठे ठेच लागली नाही की अडखळला नाही.

माझ्या बाजूला ताई डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी मानपत्र दुकानात कमोडच्या वरच्या भिंतीवर लागलं. मी दुपारपर्यंत दम धरला. मग विचारलं, "आज औषध कालवू का?"

"कसलं औषध?"

"झाडाला घालताय ते."

त्यांनी कंगवा काढून भांग नीट केला. "आता बास झालं ते."

"भाऊजी, त्यात औषध नव्हतं कधी. चहा होता. उरलेला चहा आणि पाणी."

मला वाटलं होतं, आता तरी ह्या माणसाच्या तोंडावर काही उमटेल. चिडतील, ओशाळतील, मला दुकानातून काढतील. मी त्याची तयारी ठेवून आले होते. त्यांनी कंगव्यातले केस काढले, फुंकर मारली आणि म्हणाले, "मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"तू असंच काहीतरी करणार ते. म्हणून तर तुला सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं, तर एव्हाना झाड मेलं असतं. माणूस ओळखावा लागतो."

संध्याकाळी मी ताईकडे गेले आणि तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. हातमोजे, रुमाल, दुप्पट, माझ्याकडे केलेलं बोट. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबला नाही.

"मनात असतं तर स्वतः जाऊन आणलं असतं की त्यांनी," ती म्हणाली. "तुझ्या हातात दिलं म्हणजे करायचं नव्हतंच."

"ताई, तू खरंच असं मानतेस?"

"मला त्यांच्याबरोबर राहायचंय," ती म्हणाली आणि उशीचा अभ्रा झटकला.

तिच्यावर रागवायला गेले होते, ते जमलं नाही.

पाटीचं पुढे डॉक्टरांनीच सुचवलं. म्हणाले, दाराच्या वरच्या पट्टीवर लावा, फांद्यांच्या खाली येईल. माणसं आली, तास-दीड तासात पाटी खाली बसवून गेली. आता 'शाही स्नानगृह' अख्खं दिसतं. भाऊजी गिऱ्हाइकांना सांगतात की झाडासाठी त्यांनी स्वतःच्या दुकानाची पाटी उतरवली.

मी दुसरीकडे काम बघत होते. एक-दोन ठिकाणी जाऊनही आले. मग कुठूनच उत्तर आलं नाही, आणि मी राहिले. रविवारी बाईंबरोबर जायला मात्र लागले. बाईंना वाटतं, भाऊजींचं बघून मी आले. मी ते खोडून काढलं नाही, कारण खोडायला बसलं तर सगळंच सांगावं लागेल, आणि बाई एक गोष्ट तीनदा समजावून सांगायला लावतात. खिळे उपसायचं काम मला बरं वाटतं. पकडीत पक्का धरून हळूहळू ओढायचा. बोलावं लागत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी काउंटरवर डुलक्या काढत होते. मागे बादलीचा आवाज झाला. भाऊजी मागच्या नळावर बादली भरत होते, स्वतः. हातमोजे नाहीत, रुमाल नाही. बादली उचलून कण्हत बाहेर गेले, निम्मं पाणी फरशीवर सांडत.

मला वाटलं, डॉक्टर खिडकीत असतील. मी उठून पाहिलं. दवाखान्याचं शटर खाली होतं, ते गावाला गेले होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी दोन्ही बाजूंना नीट पाहून घेतलं. कुणीच नव्हतं, ज्याला दाखवायचं.

भाऊजी खोडाशी उभे होते आणि सगळं पाणी बुंध्यावरच ओतत होते, खोडाला लागून, जिथे ओतू नका म्हणून बाई दर रविवारी ओरडतात. अध्यक्ष होऊन वर्ष झालं, तरी एवढंसुद्धा डोक्यात शिरलेलं नव्हतं.

मी दार उघडून म्हटलं, "खोडावर नको. लांब घाला, पानांची सावली संपते तिथे. बारीक मुळं तिकडे असतात."

"तू मला शिकवू नकोस," ते म्हणाले.

पण बादली घेऊन तीन-चार पावलं मागे सरकले आणि उरलेलं पाणी तिकडे घातलं. मग रिकामी बादली माझ्या हातात देऊन आत गेले आणि पंख्याखाली बसून चहा मागितला. सांडलेलं पाणी पुसायचं राहिलं होतं. ते मी पुसलं.